चेहरा उचलणारी इंजेक्शनं: कोणतं कशासाठी आणि निवड कशी करायची

शस्त्रक्रिया न करता चेहरा ‘लिफ्ट’ करून देणारी म्हणून बरीच इंजेक्शनं सांगितली जातात. चौकशीला गेलात की एक जण फिलर सुचवतो, दुसरा बोटॉक्स, तिसरा कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) वाढवणारं काहीतरी. गोंधळ होतो तो इथेच. ही सगळी एकाच कामाची औषधं समजून आपण ‘यातलं चांगलं कोणतं’ असं विचारतो, पण त्यांची कामंच वेगळी आहेत. एक रिकामी झालेली जागा भरतं, दुसरं खाली ओढणारा स्नायू सैल करतं, तिसरं पातळ झालेल्या त्वचेला जाडी आणतं. म्हणून आधी आपला चेहरा कशामुळे उतरला आहे ते ठरवायचं आणि औषधाचं नाव त्यानंतर.

एक मर्यादा सुरुवातीलाच सांगायला हवी: यातलं कोणतंही इंजेक्शन वाढलेली, लोंबणारी त्वचा कमी करत नाही. ते काम शस्त्रक्रियेचंच.

१. चेहरा कशामुळे उतरला आहे ते ओळखा

वयाबरोबर चेहऱ्यात बरंच काही एकदम बदलत असतं. डोळ्याच्या खोबणीभोवतीचं, वरच्या जबड्याचं आणि हनुवटीजवळचं हाड झिजतं. गालातले चरबीचे कप्पे आकसतात किंवा खाली सरकतात. त्यांना धरून ठेवणारे बंध सैल होतात. त्वचेतलं कोलॅजन घटतं. मानेचा प्लॅटिस्मा नावाचा पातळ, पसरट स्नायू जबड्याची कड खाली ओढत राहतो. प्रत्येकाच्या चेहऱ्यात यांचं प्रमाण वेगळं असतं.

दिवसाच्या उजेडात, मेकअप न करता, हातात आरसा घेऊन एवढं करून बघा.

- उताणं झोपा आणि आरसा चेहऱ्यासमोर धरा. बसलेलं असताना दिसणारी जबड्याजवळची थैली झोपल्यावर जवळपास नाहीशी होत असेल, तर मुख्य अडचण सैल त्वचेची आहे. इथे इंजेक्शनांचा उपयोग मर्यादित.
- मान थोडी वळवून तिरक्या कोनातून बघा. गालाचा वरचा भाग सपाट, कानशिलाजवळ खड्डा आणि डोळ्याखाली सावली दिसली, तर आतली भर कमी झाली आहे.
- दात घट्ट मिटून, ओठांचे कोपरे खाली ताणून ‘ई’ म्हणा. मानेवर उभ्या दोऱ्या उमटल्या आणि जबड्याची कड खाली खेचली गेली, तर स्नायूची ओढ जास्त आहे.
- गालाची त्वचा चिमटीत धरा. ती कागदासारखी पातळ लागत असेल आणि बारीक सुरकुत्या पडत असतील, तर प्रश्न त्वचेच्या दर्जाचा आहे.

बहुतेकांना यातल्या दोन-तीन गोष्टी थोड्याथोड्या आढळतील. सर्वांत ठळक कोणती ते लिहून ठेवा. डॉक्टरांनी सुचवलेलं औषध त्या कारणाशी जुळतं का, हे पुढे त्यावरूनच कळेल.

२. पर्याय समजून घ्या

हायल्युरॉनिक अ‍ॅसिड फिलर. हा पदार्थ आपल्या शरीरात मुळातच असतो, पण नुसता टोचला तर काही दिवसांत विरघळून जातो. म्हणून त्याच्या साखळ्या रसायनानं एकमेकींना जोडून जेल बनवतात. जेल किती घट्ट यावर त्याचं काम ठरतं. चेहरा उचलायला घट्ट जेल हाडालगत खोलवर घालतात: गालाच्या हाडावर, हनुवटीत, जबड्याच्या कोनात, कधी कानशिलात. ओठांसाठीचं मऊ जेल तिथे टिकाव धरत नाही, आणि गालाचं घट्ट जेल डोळ्याखालच्या पातळ त्वचेत घातलं तर उंचवटा दिसतो. फार वरच्या थरात गेलं तर निळसर झाक येते, तिला टिंडल परिणाम म्हणतात. फरक लगेच दिसतो आणि साधारण ६ ते १८ महिने टिकतो. हलत्या भागात तो लवकर ओसरतो, गालावर जास्त काळ राहतो.

एका सिरिंजमध्ये बहुधा १ मिली जेल असतं, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. एवढं सगळ्या चेहऱ्याला पुरेल असं समजू नका. पण ‘पुरत नाही’ म्हणून एकाच बैठकीत सहा-सात सिरिंज घालायला सांगणाऱ्यापासूनही जपा. सैल त्वचा भरून ताणायचा प्रयत्न केला की चेहरा वर जात नाही, रुंद होतो. हसताना गाल डोळ्यांवर चढणारे सुजकट चेहरे त्यातूनच तयार होतात.

याचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे हायल्युरोनिडेज नावाच्या एन्झाइमनं ते विरघळवता येतं. ही सोय पुढच्या कोणत्याही फिलरला नाही.

कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट. रेडिएस या नावानं ओळखलं जाणारं हे फिलर अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं २००६ मध्ये मंजूर केलं. २५ ते ४५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सूक्ष्म गोळे एका जेलमध्ये मिसळलेले असतात. जेल पहिल्या काही महिन्यांत शोषलं जातं आणि गोळ्यांभोवती शरीर स्वतःचं कोलॅजन तयार करतं. घट्टपणा चांगला असल्यानं जबड्याची कड रेखीव करायला हे उपयोगी. तेच सलाइन मिसळून पातळ केलं की भर घालत नाही, त्वचेला जाडी देतं. म्हणजे एकाच औषधाचे दोन वेगळे उपयोग आहेत; तुमच्यासाठी कोणता, ते विचारून घ्या. सर्वसाधारणपणे १२ ते १८ महिने टिकतं. ओठांत आणि डोळ्यांभोवती हे घालत नाहीत, कारण तिथे गाठी होतात. सीटी स्कॅनमध्ये हे पांढरं दिसतं, म्हणून स्कॅन करणाऱ्याला आधी सांगावं लागतं.

पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिड. स्कल्प्ट्रा हे याचं सर्वांत परिचित नाव. विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यात वापरतात त्याच घराण्यातला हा पदार्थ. तो पूड म्हणून येतो आणि पाण्यात मिसळून टोचतात. तो स्वतः जागा भरत नाही. महिनोन्‌महिने कोलॅजन वाढवत नेतो. सहसा ३ ते ६ आठवड्यांच्या अंतरानं दोन-तीन बैठका लागतात आणि परिणाम दोन वर्षांपर्यंत राहू शकतो.

नवख्यांची फसगत इथे हमखास होते. टोचलं त्या दिवशी चेहरा भरलेला दिसतो, पण ती भर औषधासोबत गेलेल्या पाण्याची असते. दोन-तीन दिवसांत ती ओसरते आणि ‘काहीच झालं नाही’ असं वाटून लोक लगेच आणखी मागतात. तसं करू नका. खरा फरक दिसायला सहा ते आठ आठवडे जातात, आणि आधीच जास्त घातलेलं नंतर काढता येत नाही. हे औषध निवडलंत तर मसाज टाळू नका: पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, प्रत्येकी पाच मिनिटं. पूड एका जागी साचून गाठी होऊ नयेत यासाठी तो असतो.

पॉलिकॅप्रोलॅक्टोन. लगेचची भर आणि नंतरचं कोलॅजन असं दोन्ही देणारं फिलर, आणि प्रकारानुसार एक वर्षापासून त्याहून बराच काळ टिकणारं. ‘जास्त टिकतं’ हे ऐकायला छान वाटतं, पण नको असलेला परिणामही तेवढाच टिकतो.

कायमस्वरूपी फिलर. पीएमएमए या न विरघळणाऱ्या प्लास्टिकचे सूक्ष्म गोळे आणि द्रवरूप सिलिकॉन. पहिल्यांदा इंजेक्शन घेणाऱ्यानं यांच्या वाटेला जाऊच नये. चेहरा पुढची वीस वर्षं बदलत राहतो आणि हे आहे तिथेच राहतं. गाठी वर्षांनीही उद्भवू शकतात, आणि काढायच्या तर चीर द्यावी लागते.

बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे लोकांच्या बोलण्यातलं बोटॉक्स. हे काही भरत नाही. नसेकडून स्नायूला जाणारा संदेश थांबवतं. चेहऱ्यावर काही स्नायू वर ओढतात, काही खाली. खाली ओढणारे सैल केले की वर ओढणाऱ्यांचं फावतं. भुवईचं बाहेरचं टोक, ओठांचे खाली झुकलेले कोपरे, जबड्याची कड आणि मानेच्या दोऱ्या यांसाठी ते वापरतात. जबड्याकाठच्या आणि मानेच्या उपचाराला ‘नेफर्टिटी लिफ्ट’ म्हणतात. परिणाम तीन ते पाच दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिने टिकतो.

यात तीन चुका वारंवार होतात. पापण्या आधीच जड असलेल्या माणसाच्या कपाळावर जास्त मात्रा दिली तर भुवई वर जाण्याऐवजी खाली येते, कारण भुवईला वर धरणारा कपाळाचाच स्नायू झोपतो. चेहरा निमुळता करायला चावण्याच्या स्नायूत टोचलं आणि त्वचा सैल असली, तर आतला आधार कमी होऊन जबड्याखालची थैली वाढते. मानेत जास्त गेलं तर गिळायला त्रास होऊ शकतो. शिवाय हे औषध युनिटमध्ये मोजतात, आणि एका कंपनीचं युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचं युनिट नव्हे. ‘तिकडे ५० दिले, इकडे १२५’ अशी तुलना ब्रँड कळल्याशिवाय निरर्थक आहे.

स्किन बूस्टर आणि पॉलिन्यूक्लिओटाइड (डीएनएचे शुद्ध केलेले तुकडे). यांच्या जाहिरातीत ‘लिफ्ट’ असतं, पण काम मुख्यतः त्वचेच्या ओलाव्याचं आणि पोताचं. प्रोफायलो या इंजेक्शनचं उदाहरण घ्या: २ मिलीमध्ये ६४ मिलिग्रॅम हायल्युरॉनिक अ‍ॅसिड, दोन्ही गालांवर प्रत्येकी ५ बिंदू, महिन्याच्या अंतरानं दोन बैठका. पातळ, निस्तेज त्वचेला चांगलं. गाल उतरले असतील तर यानं ते वर येणार नाहीत.

डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड. हनुवटीखालची चरबी विरघळवणारं. दुहेरी हनुवटी चरबीमुळे असेल तरच उपयोगी. त्वचा सैल असेल तर चरबी गेल्यावर ती जास्तच लोंबते. बैठकीनंतर मोठी सूज येते, आणि जबड्याच्या कडेची नस दुखावली तर हसू काही आठवडे वाकडं होतं.

३. कारण आणि औषध यांची जोडी लावा

भर कमी झाली असेल तर हायल्युरॉनिक अ‍ॅसिड, आणि तेही गालाच्या व कानशिलाच्या बाजूनं सुरू करून. नाकाकडून ओठांकडे येणारी घडी थेट भरायची घाई नको. वरचा आधार परत आला की ती बऱ्याचदा आपोआप सौम्य होते. सुरुवात १ ते २ मिलीनं करावी आणि चार आठवडे थांबून उरलेलं ठरवावं.

स्नायूची ओढ असेल तर बोट्युलिनम. पातळ त्वचेला स्किन बूस्टर किंवा पातळ केलेलं कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट. सगळ्या चेहऱ्यातूनच भर गेली असेल आणि घाई नसेल तर पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिड. सैल त्वचा हे मुख्य कारण असेल, तर प्लास्टिक सर्जनचं मत घेतल्याशिवाय इंजेक्शनांवर खर्च करू नका. वर्षानुवर्षं फिलर भरत राहण्यापेक्षा एकदाची शस्त्रक्रिया अनेकदा सरळ ठरते.

आमचं स्पष्ट मत असं: पहिल्या वेळी विरघळवता येईल तेच घ्या. आपला चेहरा कसा प्रतिसाद देतो हे कळल्यावर मग टिकाऊ पर्यायांकडे वळा.

वजन उतरत असेल, विशेषतः सेमाग्लुटाइडसारख्या औषधानं, तर ते स्थिर होईपर्यंत थांबा. आज मोजून घातलेली भर आणखी दहा किलो उतरल्यावर अपुरी किंवा विचित्र दिसते.

४. डॉक्टर निवडा आणि हे विचारा

औषधाच्या नावापेक्षा टोचणारा हात महत्त्वाचा. त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा चेहऱ्याच्या रचनेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले नोंदणीकृत डॉक्टरच निवडा. पहिल्या भेटीत हे प्रश्न विचारा:

- कोणतं औषध, किती मिली किंवा युनिट, नेमकं कुठे आणि कोणत्या थरात?
- सुई की कॅन्युला? कॅन्युला म्हणजे बोथट टोकाची लवचीक नळी. काही भागांत तिनं रक्तवाहिनीत शिरण्याचा धोका कमी होतो, पण संपत नाही.
- हायल्युरोनिडेज आत्ता या दवाखान्यात आहे का, आणि किती?
- रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार?
- हे न केलं तर काय? दुसरा पर्याय कोणता?

हायल्युरोनिडेजच्या प्रश्नावर ‘लागत नाही कधी’ असं उत्तर आलं तर तिथून उठा. ‘आज ठरवलंत तर सवलत’ म्हणणाऱ्याकडूनही उठा. सुई नसलेल्या ‘हायल्युरॉन पेन’नं फिलर घालून घेऊ नका आणि ऑनलाइन मागवून घरी तर मुळीच टोचू नका. एफडीएनं २०२१ मध्ये या साधनांविरुद्ध जाहीर इशारा दिला आहे.

५. सोबत न्यायची कागदपत्रं आणि तयारी

- चालू औषधांची यादी, जीवनसत्त्वं आणि फिश ऑइलसकट.
- अ‍ॅलर्जींची नोंद. भूल देण्याच्या औषधाची आणि मधमाशीच्या डंखाची अ‍ॅलर्जी आवर्जून सांगा, दुसरी हायल्युरोनिडेज देताना महत्त्वाची ठरते.
- पूर्वी घेतलेल्या फिलरची नावं, तारखा, जागा. दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी.
- समोरून, दोन्ही तिरक्या कोनांतून आणि दोन्ही बाजूंनी असे पाच फोटो, एकाच उजेडात, चेहरा निर्विकार ठेवून.
- स्वतःचे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे फोटो. दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्याचे नकोत.

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे काहीही घेऊ नका. टोचायच्या जागी पुरळ, फोड किंवा जंतुसंसर्ग असेल तर पुढे ढकला. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल तर बोट्युलिनम नको. स्वयंप्रतिकार आजार असेल तर त्याच्या डॉक्टरांना आधी विचारा. ओठांवर नागीण येत असेल तर प्रतिबंधक गोळ्या लागू शकतात.

दातांची मोठी कामं आणि लसीकरण यांच्यापासून साधारण दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून टाळा म्हणजे काळंनिळं कमी पडतं. पण हृदयासाठी किंवा गुठळ्यांसाठी रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर ते स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नका. काळा डाग दहा दिवसांत जातो, पक्षाघात जात नाही. लग्नसमारंभ किंवा महत्त्वाचं काम असेल तर किमान तीन-चार आठवडे आधीची तारीख घ्या.

६. प्रत्यक्ष दिवशी

मेकअप न करता जा. बसलेल्या स्थितीत चेहऱ्यावर खुणा केल्या जात आहेत ना ते बघा. झोपवून केलेल्या खुणा चुकतात, कारण गाल जागा सोडतात. खोका आणि सिरिंज तुमच्यासमोर उघडायला सांगा. नाव, लॉट क्रमांक आणि मुदत वाचा. फिलरच्या खोक्यात सहसा लॉट क्रमांकाचे स्टिकर असतात, त्यातलं एक मागून घ्या. संमतीपत्र सुई हातात घेण्यापूर्वी, निवांत वाचून सही करायचं असतं.

टोचताना थोडी दाबाची, ताणल्याची जाणीव होते. अचानक तीव्र कळ आली किंवा डोळ्यापुढे अंधारी आली तर लगेच बोला, ‘सहन होतंय’ म्हणून गप्प राहू नका.

७. पहिले दोन दिवस आणि धोक्याच्या खुणा

थोडी सूज, ठणका, काळंनिळं पडणं हे अपेक्षितच आहे. पहिले २४ ते ४८ तास जड व्यायाम, वाफ, मद्य टाळा. १२ तास मेकअप नको. बोट्युलिनमनंतर चार तास आडवं होऊ नका आणि ती जागा चोळू नका. फिलरनंतर सांगितल्याशिवाय मसाज नको.

सर्वांत गंभीर धोका आहे फिलर रक्तवाहिनीत जाण्याचा किंवा बाहेरून तिला दाबण्याचा. नाक, दोन भुवयांमधली जागा आणि नाकाच्या बाजूची घडी इथे तो जास्त, कारण तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिनीशी जोडलेल्या असतात. खुणा अशा: त्वचा पांढरी पडणे, मग जाळीसारखे जांभळट चट्टे, वाढत जाणारी वेदना, पुढे बारीक पुटकुळ्या. फिलरमध्ये बहुधा भुलीचं औषध मिसळलेलं असतं, त्यामुळे वेदना सुरुवातीला जाणवेलच असं नाही. साध्या काळ्यानिळ्या डागावर जाळी नसते, आणि तो दाबल्यावर फिका होत नाही.

घरी तपासायचं तर संशय असलेल्या जागी बोटानं पाच सेकंद दाबा आणि सोडा. फिकटलेला रंग दोन-तीन सेकंदांत परत यायला हवा. दुसऱ्या गालावर तिथेच दाबून तुलना करा. एका बाजूला उशीर लागत असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. वेळेत भरपूर हायल्युरोनिडेज दिलं तर त्वचा वाचू शकते. बर्फ लावू नका, रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

दिसायला कमी झालं, दोन दिसू लागलं, डोळ्यात जोराची कळ आली, किंवा बोलणं अडखळलं, एका बाजूचा हातपाय लुळा वाटला, तर थेट आपत्कालीन विभागात जा आणि टोचल्याची वेळ सांगा. डोळ्याच्या पडद्याला रक्त न मिळाल्यास तास-दीड तासात कायमचं नुकसान होऊ शकतं.

बोट्युलिनमनंतर काही दिवसांनी गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तरीही तसंच, लगेच.

आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आलेली लाल, दुखरी गाठ वेगळी गोष्ट आहे. सर्दी-ताप, लस किंवा दातांच्या संसर्गानंतरही फिलरची जागा सुजू शकते. ती दाबून फोडू नका, दाखवा.

८. निकाल कधी जोखायचा

बोट्युलिनमचा दोन आठवड्यांनी, हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचा दोन ते चार आठवड्यांनी, पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिडचा शेवटच्या बैठकीनंतर काही महिन्यांनी. पहिल्या आठवड्यात एक गाल मोठा दिसणं बहुधा सुजेमुळे असतं. जुळवणी त्याच पाच कोनांच्या फोटोंवरून करा, आरशातल्या आठवणीवरून नको.

बोट्युलिनम तीन महिन्यांच्या आत परत घेऊ नका. वारंवार आणि मोठ्या मात्रेनं शरीरात प्रतिद्रव्यं तयार होऊन ते लागू पडेनासं होऊ शकतं. फिलरच्या बाबतीत ‘वर्ष झालं, पुन्हा भरा’ हा हिशोबही डोळे मिटून मान्य करू नका. परिणाम ओसरला तरी जेलचा अंश राहतो. एमआरआयमध्ये तो वर्षांनंतरही दिसला आहे. आधी शिल्लक किती ते तपासायला सांगा, गरज पडली तर अल्ट्रासाउंडनं.

लॉट क्रमांकाचं स्टिकर, मात्रा, जागा आणि तारीख एका कागदावर जपून ठेवा. पुढे चेहऱ्याचा स्कॅन, दातांची शस्त्रक्रिया किंवा फेसलिफ्ट करायची वेळ आली तर तो कागद त्या डॉक्टरांना आधी दाखवा.